विरघळता मांडव

मांडव दुसऱ्या दिवशी विरघळणार, हे लग्नपत्रिकेतच छापलं होतं. 'आहेर आणू नये'च्या खाली एक ओळ होती: 'मांडव दुसऱ्या दिवशी सायंकाळी सहानंतर राहणार नाही, तरी कोणी मागे थांबू नये.' ती ओळ बाबांनी स्वतः लिहिली होती. बाबा निवृत्त पोस्टमास्तर. सूचना लिहिण्याचा त्यांना सराव होता.

लग्न माझ्या ताईचं, तनुजाचं. मांडव माझ्या कंपनीचा. मांडवाखालचं पाणी वाशिष्ठीच्या खाडीचं, आणि त्या पाण्यात मगरी आहेत हे चिपळूणच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

मांडव पाण्यावर कशाला, असं कोणी विचारलं नाही, कारण त्या दिवशी जमिनीवरचे सगळे हॉल गेलेले होते. वैशाखातली एकच चांगली तिथी, आणि सगळ्या तालुक्याला तेव्हाच लग्न करायचं होतं. विरघळणाऱ्या वस्तूंचंही आता कोणाला नवल राहिलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी कायदा आला की जे तात्पुरतं आहे, ते स्वतःहून गेलं पाहिजे. त्याआधी तात्पुरत्या गोष्टी किती टिकायच्या ते आठवा. उद्घाटनाची कमान पाच वर्षं, तात्पुरता पूल दोन पिढ्या. कायद्यानंतर निवडणुकीचे फलक आचारसंहितेच्या पहिल्या सकाळी भिंतीवरून ओघळून जाऊ लागले. एका गावात फलक गेला आणि उमेदवार राहिला, म्हणून लोकांनी आमच्याकडे तक्रार केली होती.

आमच्याकडे म्हणजे निरोप पॉलिमर्स, लोटे इथे. मी तिथे आकडेवारी विभागात. विभागात आम्ही दोघं, मी अनिश रेडीज आणि रुबीना परकार. माल जाणार हे सगळ्यांनाच माहीत असायचं. तो कधी जाणार, ते सांगणं आमचं काम.

आजवर आम्ही पिशव्या केल्या, फलक केले. तरंगता मांडव, म्हणजे तराफा, पहिल्यांदाच होत होता. पांढराशुभ्र, खोबऱ्याच्या वडीसारखा, वर तीनशे माणसं मावतील एवढा. आमचे मालक डॉ. जोगळेकर यांनी तो मला भेट दिला होता. कृतीसुद्धा त्यांनी स्वतः काढली, मला हातही लावू दिला नाही. "तुझ्या घरचं कार्य आहे," म्हणाले, "तू हिशोब करायचा नाही."

इथे थोडं शास्त्र सांगतो, म्हणजे पुढे पळापळ सुरू झाल्यावर थांबावं लागणार नाही.

आमचा माल दोन प्रकारच्या रेणूंच्या साखळ्यांचा असतो. एक जोगळेकरांनी शोधलेला, त्याला आम्ही 'जे' म्हणतो. दुसरा त्यांचे भागीदार डॉ. मुकादम यांनी शोधलेला, तो 'एम'. साखळी एकेक रेणू जोडत वाढते. तिच्या टोकाला आत्ता जे बसलाय, तर शेजारी कोण येणार, आणखी एक जे की एम? पंगतीत बसताना काही माणसं आपल्याच माणसाशेजारी बसतात, काहींना परकी चालतात, त्यातलाच हा प्रकार. जेला एमपेक्षा जे किती पट आवडतो हा एक आकडा, आणि एमला जेपेक्षा एम किती पट आवडतो हा दुसरा. हे दोन आकडे कळले की साखळीत सलग किती जे येणार ते कळतं. आणि पाणी नेमकं तिथेच घुसतं, जिथे सलग जे बसलेत. सलग जे जास्त, तर माल लवकर जातो. आकड्यात थोडासा फरक पडला तरी आयुष्यात दिवसांचा फरक पडतो.

हे आकडे दिसत नाहीत, काढावे लागतात. दोन्ही रेणू वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचे, साखळ्या वाढू लागल्या की लगेच थांबवायच्या, आणि आत कोण किती बसलंय ते मोजायचं. असे सहा प्रयोग जोगळेकरांनी केले होते. सातवा केला नाही. सहावरच त्यांची खात्री पटली होती.

मग प्रयोगांवरून आकडे काढायचे. समीकरण मुळात वाकडं असतं. जोगळेकरांची पद्धत जुनी होती. समीकरणातली पदं इकडची तिकडे करून त्याची सरळ रेषा करायची आणि रेषेवरून दोन्ही आकडे वाचायचे. दिसायला सुंदर. पण पदं इकडची तिकडे केली की मापातल्या चुकाही सरकतात, काही फुगतात, काही दबतात. मग कुठल्यातरी एका टोकाचा एकटा प्रयोग अख्खी रेषा आपल्याकडे ओढून घेतो. आणि गंमत अशी की जेला एक नंबर दिला तर एका टोकाचा प्रयोग ओढतो, एमला एक नंबर दिला तर दुसऱ्या टोकाचा. प्रयोग तेच, उत्तर मात्र वेगळं.

हे जगात बऱ्याच जणांना माहीत आहे. आमच्या कंपनीत त्याचा संबंध पाडव्याशी होता.

कंपनी काढताना जोगळेकर आणि मुकादम यांच्यात वाद झाला की एक नंबरचा रेणू कोणाचा. तो मिटेना. शेवटी ठरलं, एक वर्ष जे पहिला, एक वर्ष एम. दर पाडव्याला प्रयोगशाळेतली पाटी फिरवायची, संगणकात नंबर बदलायचे आणि पेढे वाटायचे. गेली दोन वर्षं पाटी फिरली, पेढे झाले, पण नंबर बदलायचे राहून गेले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. या वर्षी मुकादमांनी स्वतः उभं राहून ते बदलून घेतले. जोगळेकरांचं मन मोठं. ते पेढा खात बघत राहिले.

त्यानंतर त्यांनी माझ्या तराफ्याची कृती काढली.

*

लग्नाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तराफ्यावर तीनशे माणसं होती. तराफा खाडीच्या मधोमध दोरांनी बांधलेला. किनाऱ्यावरून होडीने दहा मिनिटं. अशा चार होड्या. विस्तव चालणार नाही म्हणून स्वयंपाक किनाऱ्यावर, आमराईत. टाचांनी भोकं पडू नयेत म्हणून सगळ्यांच्या चपला तराफ्याच्या एका कोपऱ्यात काढून ठेवलेल्या, त्यांचाच एक डोंगर झाला होता.

मांडवात मधोमध मोकळी वाट होती. वाटेच्या डावीकडे आम्ही रेडीज, उजवीकडे वरपक्ष म्हणजे खातू. एकही रेडीज उजवीकडे नव्हता, एकही खातू डावीकडे नव्हता. याला कारण साखरपुडा. साखरपुड्यात नवऱ्याच्या मोठ्या काकांना, भाऊकाका खातूंना, पंख्याखाली जागा मिळाली नव्हती. खेडला त्यांची सिमेंटची एजन्सी आहे आणि त्यांचं बोलणंही तसंच, पाणी लागलं की घट्ट होतं. तिथेच सगळ्यांसमोर म्हणाले होते, "या खेपेला बसलो. पुढे एक चूक झाली तर मुलाला घेऊन उठेन." मुलगा, सारंग, शेजारीच होता. तो दातांचा डॉक्टर. त्याला समोरच्याचं तोंड उघडायची सवय, स्वतःचं नाही. पण ताईला तो आवडला होता. तिला यापूर्वी कोणी आवडल्याचं मला आठवत नाही. माझ्यासकट.

तर मी गुलाबाच्या फुलांची परडी घेऊन उभा, आणि फोन वाजला. रुबीना.

"अनिश, कुठे आहेस?"

"मांडवात."

"मांडव कुठे आहे?"

"पाण्यात. तुला पत्रिका दिली होती."

"किनाऱ्यापासून किती लांब?"

"होडीने दहा मिनिटं. का? तू येत नाहीयेस?"

"मी येत नाहीये," रुबीना म्हणाली. "आणि तूही तिथे नसावंस."

मी परडी खाली ठेवली.

जोगळेकरांनी तिला तराफ्याच्या जाहिरातीचा मजकूर करायला सांगितला होता. त्यासाठी तिने गेल्या वर्षीचे दोन आकडे आणि या वर्षीचे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. ते जुळले नाहीत. प्रयोग तर तेच सहा.

"पाटी," मी म्हणालो.

"पाटी. मग मी रेषा सोडून दिली. समीकरण वाकडं आहे तसंच ठेवलं. मिसळताना मोजलं त्यातही चूक धरली आणि साखळीत मोजलं त्यातही. दोन्हीकडे. आणि विचारलं, आता कुठले आकडे या सहा प्रयोगांत बसतात?"

"आणि?"

"एक जोडी नाही निघत रे. अख्खा लंबगोल निघतो. सुरमईएवढा लांब. त्यावरून वेळ काढली, तर त्याचं शेपूट परवा सकाळी आहे, पोट आज संध्याकाळी."

"आणि तोंड?"

"आज दुपारी. तुमची जेवणं उरकण्याच्या आत तराफा जायची शक्यता सहात एक."

कोणीतरी सनईची टेप मोठी केली. मी दुसऱ्या कानात बोट घातलं.

"आधी काही दिसेल?"

"पांढरा आहे तो पारदर्शक होईल. पिशवीच्या बाबतीत त्यानंतर पाच मिनिटं मिळतात. तराफ्याच्या बाबतीत किती, ते कोणी पाहिलेलं नाही." मग म्हणाली, "ताईला शुभेच्छा सांग."

*

जोगळेकर पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. मुकादम आले नव्हते. पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती'त त्यांचं नाव दुसरं छापलं होतं.

मी वाकून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"अनिश, ही माझी भेट आहे," ते म्हणाले. "भेटवस्तू कोणी तपासून घेतं का?"

"सर, पाडव्याला नंबर बदलले."

"बदलले. पेढे तूच आणले होतेस."

"त्यानंतर तुम्ही कृती काढलीत. एम एक नंबर धरून."

"अरे, रेणूला काय कळतं त्याला कितवा नंबर दिलाय?"

"रेणूला नाही कळत, सर. रेषेला कळतं."

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. फेटाही असेल. मग म्हणाले, "शक्यता किती?"

"सहात एक."

"म्हणजे सहात पाच वेळा मी बरोबर," असं म्हणून त्यांनी फेटा सारखा केला आणि समोर बघू लागले.

मी बाबांकडे गेलो. बाबा अक्षतांच्या पुड्या वाटत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "होणार आहे की नाही होणार?"

"बाबा, तसं नसतं. सहात एक—"

"पत्र पोचतं किंवा पोचत नाही."

"पोचेपर्यंत काय असतं?"

बाबा पुड्या वाटायचे थांबले. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "कसलं सहात एक?"

भाऊकाका.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी हळू आवाजात सांगितलं. भाऊकाकांनी पूर्ण ऐकलं, आणि गिऱ्हाइकाने भाव सांगावा तसं म्हणाले, "सहात एक जास्त होतं. दहात एक करा, आम्ही बसतो."

"काका, हे करायचं नसतं, निघतं."

"सगळं करायचं असतं. साखरपुड्याला पंख्याखालची जागा निघत नव्हती, मग आम्ही बोललो तेव्हा कशी निघाली?" त्यांचा आवाज चढू लागला. "रेडीज, मी ओळखून आहे. मुहूर्ताच्या आधी वरपक्षाला मांडवातून उठवायचं, आणि मग गावभर सांगायचं की खातू भर लग्नातून पळाले! आम्ही उठणार नाही. आणि उठलो, तर सारंगला घेऊनच उठू. मग लावा लग्न तुमच्या मगरीशी."

बाबा माझ्याकडे बघत होते. मी ओरडलो असतो, 'तराफा बुडतोय', तर तीनशे माणसं एका बाजूला, होड्यांच्या दिशेला धावली असती, आणि मग तराफ्याला विरघळायचे कष्ट पडले नसते. गप्प बसलो असतो, तर सहात पाच वेळा ताईचं लग्न नीट लागलं असतं. उरलेल्या एका वेळेचं काय करायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही आकडा काढून देतो. पुढचं दुसरा विभाग बघतो.

दुसरा विभाग ताई होती.

*

ताई पडद्यामागे गौरीहर पूजत बसली होती. पिवळी साडी, मुंडावळ्या, समोर अन्नपूर्णा, आणि एकेक चिमूट तांदूळ वाहणं चाललेलं. शेजारी आत्या.

"ताई, एक सांगायचंय."

"सांग. पण विनोद असेल तर उद्या."

मी सांगितलं. आत्या "अगो बाई" म्हणून खालच्या पांढऱ्या जमिनीकडे बघू लागली. ताईने हातातले तांदूळ आधी वाहिले.

"तू असतास तर काय केलं असतंस?" तिने विचारलं.

"मी आहेच की."

"तसं नव्हे. तुझं लग्न असतं तर?"

"मला माहीत नाही, ताई. पाच वेळा मी तुझं लग्न मोडलेला माणूस होईन. एका वेळेला—"

"कळलं."

ताई चिपळूणच्या एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक आहे. दिवसभर ती खिडकीत बसून माईकवर गाड्या सांगते. ती उठली, मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि म्हणाली, "धोका आहे म्हटलं की लोक बघायला पुढे येतात. गाडी लागली म्हटलं की निघतात. माईक आण."

"काय सांगणार?"

"जेवण."

मी सनईवाल्या पोराकडून माईक काढून आणला. ताईने तो तोंडापुढे धरला, आणि पडद्यामागून तो आवाज आला, जो ऐकून अर्धं चिपळूण रोज उभं राहतं:

"वऱ्हाडी मंडळींनी लक्ष द्यावे. गर्दी टाळण्यासाठी पहिली पंगत किनाऱ्यावर आमराईत आत्ता बसत आहे. अक्षता किनाऱ्यावरून टाकण्याची सोय आहे. पहिली होडी वरपक्षासाठी राखीव आहे. वरपक्षाव्यतिरिक्त कोणीही पहिल्या होडीत चढण्याचा प्रयत्न करू नये."

मग खुर्च्या सरकल्या.

मी फटीतून बघत होतो. भाऊकाका उभे राहिले होते, चेहरा गोंधळलेला. बसून राहावं तर राखीव होडी रिकामी जाते. त्यांनी डावीकडे पाहिलं. आमचे दोन मावसभाऊ अगोदरच होडीच्या दिशेने सरकत होते. त्यांनी बोट दाखवून गर्जना केली, "ए, राखीव आहे म्हटलंय ना!" आणि सगळ्यात पुढे चालू लागले.

चपला कोणी घेतल्या नाहीत. पंगतीला बसायचं तर पुन्हा काढाव्याच लागणार, आणि ढिगातून आपली शोधेपर्यंत पहिली पंगत भरली असती.

*

होड्या जात होत्या, येत होत्या. मी एका ठिकाणी उभा राहून पायाखालच्या जमिनीकडे बघत होतो. पांढरी. पांढरी. शेवटच्या दोन होड्या माणसांनी भरून निघाल्या तेव्हा मुहूर्ताला दहा मिनिटं उरली होती. तराफ्यावर आता नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईवडील, दोन मामा, भटजी, मी, आणि पहिल्या रांगेत डॉ. जोगळेकर.

"होडी परत यायला वेळ आहे," ताई म्हणाली. "नुसतं उभं राहायचं तर लग्न लावून घेऊ."

मामांनी अंतरपाट धरला. भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं, चांगलं लांबवून, आळवून. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या मंगलाष्टकाला चपलांच्या ढिगाखालची जमीन दुधाची राहिली नाही. आधी शहाळ्याच्या पाण्यासारखी झाली, मग काचेसारखी. काच हळूहळू आमच्याकडे सरकू लागली. खुर्च्यांच्या रिकाम्या रांगांखालून, मधल्या वाटेवरून. चौथ्या रांगेखाली मला हिरवं पाणी दिसलं, आणि पाण्यात मगर दिसली. ती हलत नव्हती. वर बघत होती, तिला पत्रिका गेल्यासारखी.

भटजींचं लक्ष त्याच वेळी गेलं. आवाजात फरक पडला नाही, पण तिसऱ्या मंगलाष्टकातून ते थेट शेवटच्यात गेले. आईने विचारलं, "मधली कुठं गेली?" भटजी डोळे मिटून म्हणाले, "सगळ्यांचा अर्थ एकच आहे, काकू."

होडी अजून पाण्याच्या मध्यावर. मी हात हलवत होतो. नावाड्यानेही हात हलवला.

अंतरपाट दूर झाला. सारंग उभा होता, हातात हार, आणि त्याच्या पायांखाली काच पोचली होती. साखरपुड्यापासून मी त्याचं एक पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "तनुजा, खाली बघू नकोस."

"बघितलं," ताई म्हणाली. "हार घाल."

त्याने घातला. तिने घातला. किनाऱ्यावरून टाकलेल्या अक्षता कुठेतरी पाण्यात पडल्या असणार. होडी तराफ्याला लागली तेव्हा मी एकेकाला धरून उतरवलं, आईला, सारंगच्या आईला, दोन्ही वडिलांना, मामांना, भटजींना. पाय टेकला की जमीन आता गादीसारखी दबत होती. ताई चढली, सारंग चढला.

जोगळेकर खुर्चीतच होते.

"सर, चला!"

"माझ्या हिशोबाने उद्या संध्याकाळ, सहानंतर." ते समोर बघत होते, जिथे आता बघायला कोणी नव्हतं. त्यांच्या बोटांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते. तीस वर्षं ते हीच रेषा काढत आले होते. मला वाटतं, मोडायची तर तिच्यावर बसलेलं असताना मोडू दे, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

मी परत गेलो. चार पावलं. प्रत्येक पावलाला घोट्यापर्यंत आत.

"सर."

"अनिश, तुमच्या त्या लंबगोलात आत्ताची वेळ कुठे आहे?"

"कडेला आहे, सर. पण आत आहे."

त्यांनी खाली पाहिलं. मगर आता बरोबर त्यांच्या खुर्चीखाली होती. खुर्चीचा पुढचा पाय हळूच, काही न मोडता, जमिनीतून खाली गेला. जोगळेकर पुढे झुकले, मी त्यांचा दंड धरला, आणि आम्ही दोघं धावलो असं म्हणता येणार नाही. लापशीतून चालतात तसे निघालो. शेवटच्या पावलाला त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आरपार गेला. सारंगने होडीतून वाकून त्यांना काखेत धरलं आणि दाढ उपटावी तसं एका झटक्यात वर घेतलं.

होडी दहा हात गेली असेल. मागे आवाज काहीच झाला नाही. चहात साखर जाते तसा मांडव गेला. कमान तेवढी थोडा वेळ उभी दिसली, कारण कमानीला बहुतेक कळलं नव्हतं.

*

आमराईत पहिली पंगत उठायच्या बेतात होती. पहिल्या होडीतून आलेल्या खातूंनी मिळेल त्या पानावर बसून घेतलं होतं, त्यानंतर आलेल्या रेडीजांनी उरलेल्या पानांवर. पंखा नव्हता, त्यामुळे पंख्याखाली कोण हा प्रश्न आला नाही. भाऊकाका आमच्या आत्याच्या यजमानांच्या शेजारी होते. हातात जिलबी होती आणि ती बराच वेळ तोंडाजवळच थांबलेली होती. ते खाडीकडे बघत होते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. शिव्या खायची तयारी होती.

"सहात एक म्हणालास ना?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

"दहात एक केलं असतंस, तर मी बसून राहिलो असतो." एवढं बोलून त्यांनी जिलबी खाली ठेवली. मग दूर बघून एकदम म्हणाले, "आणि आमच्या चपला?"

चपला येत होत्या. भरती होती. तीनशे जोड चपला पाण्यावर पसरून किनाऱ्याच्या दिशेने सावकाश निघाल्या होत्या. मगरीने वाटेत एक कोल्हापुरी चावून पाहिली आणि सोडून दिली.

फोन वाजला.

"गेला?" रुबीना.

"गेला."

"माणसं?"

"सगळी इकडे. जेवतायत."

पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "वेळ सांग. बरोबर वेळ."

मी सांगितली. जोगळेकर शेजारी बसले होते, गुडघ्यापासून खाली ओले, फेटा मांडीवर. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"परकार," ते म्हणाले, "हा सातवा प्रयोग धर. लंबगोल किती लहान होतो ते मला संध्याकाळी सांग." पलीकडचा प्रश्न ऐकून घेतला. "कोणाला एक नंबर? कोणालाच नको. नाही, मुकादमांना मी सांगतो. ती पाटी... पाटी काढून ठेव."

ताई मुंडावळ्या सोडून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हातात दोन पानं, एक माझ्यासाठी.

"समज, गेला नसता," ती म्हणाली. "मग?"

"मग भाऊकाकांनी आयुष्यभर आपल्याला ऐकवलं असतं."

"ते तसंही ऐकवतील." तिने पान पुढे केलं. "पुढच्या वेळी मला आधी सांग. बाबांना नंतर."

पाठवणीच्या वेळी दोन्हीकडची मंडळी किनाऱ्यावर चपला शोधत होती. ज्याला जी मिळाली ती त्याने घातली. गाडीपाशी बाबा आणि भाऊकाका शेजारी शेजारी उभे होते, दोघंही ताठ. भाऊकाकांच्या डाव्या पायात बाबांची तपकिरी चप्पल होती. बाबांना ती ओळखू आली होती, पण ते काही बोलले नाहीत. भाऊकाकांची डावी बाबांच्या पायात होती, आणि ती नवीन होती.